मुखरवणे

“सर, मुखरवण्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?”

एवढं विचारून उर्वशी उभीच राहिली, आणि मागच्या तीन बाकांवर पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. पैज दिव्याची होती. सकाळी पोंभुर्ण्याच्या स्टँडवर एसटीतून पाय खाली ठेवते न ठेवते तोच दिव्यानं तिचा दंड धरला होता. “दम हाय का व तुयात? मोहुर्ले सरले इचारून दाखव. मंग मानतो तुले.” दम तर होताच. यंदा उर्वशीच्या अंगात एवढा दम आला होता की तो कुठं ठेवावा हे तिला कळत नसे. आठवीपर्यंत ती खिडकीच्या कोपऱ्यातली पोरगी होती. बोरटोल्यासारख्या जंगलातल्या गावाहून येणारी, हजेरीला इतकं हळू ‘यस सर’ म्हणणारी की सर मान वर करून पुन्हा विचारायचे, आली का ही? आणि आता नववीत ती दारातून आत आली की वर्गात वारं शिरायचं. नकला तिच्या, टोपणनावं तिची, गॅदरिंगचं निवेदनसुद्धा तिचंच. तिला स्वतःचा आवाज आवडायला लागला होता. खुशाल आवडू दे, असंही तिला वाटायचं. चौदा वर्षं तो वापरलाच कुठं होता?

“काय वणे?” मोहुर्ले सर खडू हातात धरून वळले.

“मुखरवणे सर. म्हणजे कोणी उगाच वरडते ना, दम देते, इथी उभी राह्य, तिथी नको जाऊ, माझंच ऐका…” आणि सवयीनं, कोणी सांगितलं नसताना, तिनं मान ताणली, गळ्याची शीर फुगवली, हातात नसलेली काठी जमिनीवर आपटली. “मान वर! कोन कुठी?” वर्ग फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. सर चिडतील अशी तिची खात्री होती आणि त्याचीही तिनं तयारी ठेवली होती, पण सरांचे डोळे चमकले. मोहुर्ले सरांना शब्दांचा नाद होता. त्यांच्या पिशवीत लाल पुठ्ठ्याची एक वही असायची आणि झाडीपट्टीचा एखादा शब्द कानावर पडला, मग तो चहाच्या टपरीवर पडो की मयतीत, ते तिथंच उभं राहून टिपून घ्यायचे. त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, मुखरवणे. शेजारी लिहिलं, बुली. “परवा ते परिपत्रक नाही का आलं, शाळेत कोणी कोणाला बुली करू नये म्हणून? तेच हे. दांडगाई करणं, धाकात ठेवणं. पण गंमत ऐका. पाचशे वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ काय होता, सांगा बरं?” सरांनी बोटांवरचा खडू झटकला. “लाडका,” सर म्हणाले. “जिवलग. आपलं माणूस. डच लोकांकडून आला असावा म्हणतात, त्यांच्याकडे प्रियकराला, भावाला तसं काहीसं म्हणत. मग लाडक्याचा झाला भला गडी. भल्या गड्याचा झाला बढाईखोर. बढाईखोराचा दांडगट, आणि शेवटी दुबळ्याला छळणारा. मग त्याचं क्रियापद झालं आणि पहिला अर्थ पार बुडाला. आज कोणाला लाडानं बुली म्हणून बघा!”

“पण सर, बदलवलं कोणी?” हे उर्वशीनंच विचारलं. हे पैजेत नव्हतं. आपण का विचारलं हे तिला कळलं नाही.

“कोणीच नाही. एका माणसानं बदलला असता तर त्याला धरता तरी आलं असतं. लोक बोलत गेले, हसत गेले.” सरांनी वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं. “आता तुझा शब्द. हा मी कधी ऐकला नव्हता. आला कुठून?”

उत्तर सोपं होतं. तिच्या वडिलांचं नाव मुखरू. बोरटोल्याचे मुखरू भाऊ. शेजारी बसलेली स्वाती बोरटोल्याचीच. तिला हे माहीत होतं आणि ती हसू दाबण्यासाठी बाकाच्या कडेला नखं रुतवून बसली होती. उर्वशीच्या जिभेवर काहीतरी खरखरलं, मोहाच्या फुलातली वाळू दाताखाली यावी तसं. ‘लाडका’ हा शब्द अजून वर्गात कुठंतरी तरंगत होता आणि तो आपल्याकडेच येतोय असं तिला वाटलं. “माहीत नाई सर,” ती म्हणाली. “जुना हाय. आमच्याकडं म्हणतात सगळे.” सरांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं, “मुखरवणे. विनाकारण दरडावणे, धाक घालणे. मूळ अज्ञात.” मग त्यांनी टोपण लावलं.

मधल्या सुट्टीत दिव्यानं कबूल केल्याप्रमाणे समोसा आणला आणि पोरींनी तिची पाठ थोपटली. जिंकली व पोट्टी! समोशातल्या बटाट्याला कसलीच चव नव्हती. मैदानात ‘ब’ तुकडीची पोरं कबड्डी खेळत होती आणि त्यातला एक दुसऱ्याला ओरडला, “मुखरवू नको बे, लाइन दिसते मले!” त्या पोरानं मुखरू भाऊंना जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला बोरटोला कुठल्या फाट्यावर येतं तेही ठाऊक नसेल. उर्वशी त्या पोराकडे बघत राहिली. त्याला जाऊन सांगावं, दे तो शब्द इकडे? कंपास मागतात तसा शब्द मागता येत असता तर! जानेवारीत तो तिच्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हा किती हलका होता. दिव्या तेव्हा नवी नवी मॉनिटर झाली होती आणि उर्वशीला बाक सरळ कर, वही बंद कर असं सारखं हुकूम सोडत होती. उर्वशीच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “जास्ती मुखरवू नको व मले.” सगळे थांबले. म्हणजे काय, म्हणजे काय? आणि तिनं उभं राहून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा चाळीस तोंडं एकदम तिच्याकडे वळली होती. थंडीत शेकोटीकडे तळवे धरावेत तसं झालं होतं तिला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, पुन्हा कर ना. मग फूटपट्टीची काठी झाली. मग काठीबरोबर चाल आली. बाबांची ती लांब टांगांची, दर चार पावलांवर थांबून मागे बघणारी चाल. घरी ती बाबांकडे आता नीट लक्ष देऊन बघायची आणि बाबांना वाटत असणार, पोरीला बापाचं किती!

नकलेत तिनं एक गोष्ट कधी दाखवली नाही. बाबा का ओरडतात ते. ते दाखवण्यासारखं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मुखरू भाऊ हा गावातला सर्वांत अबोल माणूस होता. सभेत भिंतीला टेकून बसायचा आणि हात वर करायची वेळ आली की शेजारच्याकडे बघून करायचा. तेव्हाही मार्चच होता. मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी, साफ केलेली, आणि त्या काळ्यावर पहाटेपासून टपटप पडलेली पिवळी फुलं. सगळं गाव वाकून वेचत होतं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी वाकल्याशिवाय मोह टोपलीत येत नाही. गावातली रुखमाबाई तिच्या झाडाखाली, बाबा शेजारच्या झाडाखाली, मधे दहा पावलं. बाबांचीही मान खाली होती. आवाज म्हणून काही झालाच नाही म्हणे. टोपली कलंडली तेवढंच. बाबांनी वर पाहिलं तेव्हा झाड होतं, टोपली होती, पदराचा एक धागा करवंदीच्या काट्याला होता. ते एवढंच सांगायचे, आणि तेही फक्त पहिल्या आठवड्यात. त्यानंतर त्यांनी मोह वेचलाच नाही. ते उभे राहायला लागले. बायका वाकायच्या आणि ते काठी घेऊन मधोमध उभे. थोड्या थोड्या वेळानं “मान वर!” की सगळ्यांनी कंबर सरळ करून चारीकडे बघायचं. मग ते एकेकीचं नाव घेऊन हाक द्यायचे आणि जिचं नाव तिनं ‘ओ’ द्यायची. ‘ओ’ आली नाही तर शिव्या. ऊन वर आल्याशिवाय कोणी गावाबाहेर पडायचं नाही, हाही त्यांचाच कायदा. पहिल्या वर्षी बायकांनी ऐकलं, कारण रुखमाबाईचं घर अजून रडत होतं. दुसऱ्या वर्षी पहाटेचा मोह हरणं खाऊन जातात म्हणून कुरकूर सुरू झाली. पलीकडच्या वस्तीच्या बाया अंधारातच येऊन आपल्या झाडाखालचा नेतात, हेही. सुगंधाबाई म्हणायची, “वाघ बरा, दिसत त नाई. हा मुखरू भाऊ दिवसभर दिसते.” आणि तिसऱ्या वर्षी त्यांना आयता शब्द मिळाला. पोंभुर्ण्याहून, संध्याकाळच्या एसटीनं, पोरापोरींच्या दप्तरांबरोबर तो गावात आला. “भाऊ, आता मुखरवू नका गा, कंबर मोडली.” त्या हसायच्या. बाबाही ओठ हलवल्यासारखं करायचे. उर्वशीला वाटायचं, बघा, बाबांनासुद्धा गंमत वाटते.

आणि काल रविवार होता. आज शाळा सुटल्यावर गावाकडची एसटी निघाली, खिडकीबाहेर धुळीची रेघ मागे जाऊ लागली आणि शेजारी बसलेली स्वाती मागच्या सीटवरच्या पोरींना कालचाच किस्सा सांगायला लागली. “अवो का सांगू! वच्छलाकाकूनं सगळ्यायले डोळा मारला. म्हने, आज कोनीच ओ नोका देऊ, पाहू भाऊ का करते थे…” उर्वशीनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. गज थरथरत होता आणि त्याबरोबर तिचे दात. स्वाती सांगत होती ते सगळं खरं होतं. कडक ऊन पडलं होतं, मोहाचा गोड, डोकं जड करणारा वास होता, आणि बाबांनी हाक दिली, “मान वर!” कोणाची मान वर झाली नाही. सगळ्या आपापल्या झाडाच्या बुंध्याआड सरकल्या होत्या, तोंडाला पदर लावून. “वच्छला!” काही नाही. “सुगंधाबाई!” काही नाही. “सुकरी!” सुकरी तर चार हातांवर एका झुडपामागे बसलेली, तिचे खांदे हलत होते. “सत्यशीला!” ही उर्वशीची आई. तिनं मात्र ओ दिली असती, पण ती नाल्यापलीकडच्या झाडाखाली होती आणि तिला हाक पोचली नाही. स्वातीनं उर्वशीचा हात धरून तिला खाली ओढलं होतं. बाबांचा आवाज पहिल्या नावाला रागावलेला होता. दुसऱ्याला अजून रागावलेला. तिसऱ्याला तो बदलला. चौथ्याला त्यात आवाजच राहिला नव्हता, नुसता वारा होता. उर्वशी एका फटीतून बघत होती आणि एक बारीक, थंड डोकं तिच्या डोक्यात बसून टिपून घेत होतं, हा आवाज असा काढायचा, घशाच्या मागून. हे आत्ता, एसटीत, तिला आठवलं आणि खिडकीबाहेर थुंकावंसं वाटलं. कारण त्यानंतर बाबांनी शेवटचं नाव घेतलं होतं.

“उर्वशे.”

हाक नव्हतीच ती. तोंडातल्या तोंडात म्हटलेलं. जणू ओ येणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं आणि फक्त नाव एकदा घ्यायचं राहिलं होतं. स्वातीचा हात तिच्या तोंडावर नव्हता. कोणी तिला दाबून धरलं नव्हतं. ‘ओ’ एवढंच म्हणायचं होतं, एक अक्षर, त्याला दमही लागत नाही. तिनं म्हटलं नाही. किती वेळ गेला? दोन फुलं पडली. बाबा मग धावले, कुठल्याच दिशेनं धड नाही, आधी इकडे, मग तिकडे, आणि पाय अडकून एका मुळावर गुडघ्यांवर पडले आणि उठले नाहीत. तळहात जमिनीवर, मान खाली, वेचायला वाकावं तसे. तेव्हा वच्छलाकाकू हसत बाहेर आली. “भाऊ, आज तुमालेच मुखरवलं ना आमी!” सगळ्या बाहेर आल्या. पानांतून, बुंध्यांमागून, एकेक करून जिवंत, हसऱ्या, कोणाच्या केसांत काटक्या. बाबा एकेकीकडे बघत राहिले. चेहरा ओला होता, तो घाम असू शकला असता. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही. काठी उचलली आणि टोपल्या भरेपर्यंत तिथंच उभे राहिले, पण नंतर हाक म्हणून दिली नाही. आणि उर्वशी? तीही हसत हसतच बाहेर आली होती. इतक्या जणी हसत असताना एकटीनं न हसणं तिला जमलं नव्हतं. एवढा दम कुठं होता तिच्यात?

“…अन् मंग भाऊ आसे खाली पडले, ढोपरावर!” स्वातीनं सांगितलं आणि मागच्या सीटवर हशा पिकला. स्वाती तिच्याकडे वळली. “करून दाखव ना व, उर्वशे. तुयासारखं कोनाले नाई जमत.” ती वाईट पोरगी नव्हती. तिचा डबा ती रोज अर्धा उर्वशीला द्यायची. उर्वशी म्हणाली, “डोकं दुखते.” तर मागून कोणीतरी म्हणालं, “जाऊ दे, मुखरवू नका तिले.” आणि पुन्हा हसू. आता हा शब्द असा झाला होता की तो थांबवायला गेलं तरी तोच वापरावा लागावा. तिनं डोळे मिटून मनातल्या मनात नाव उलटं फिरवायचा प्रयत्न केला. मुखरू म्हणजे पाठीवर बसवून तलावापलीकडे नेणारा. मुखरू म्हणजे भाकरीचा करपलेला पापुद्रा स्वतःच्या ताटात ओढणारा. मुखरू म्हणजे तिला पहिल्यांदा एसटीत बसवताना कंडक्टरला चारदा सांगणारा, पोरगी हाय, बसाले जागा देजा. होईना. प्रत्येक आठवणीत बाबांच्या मानेची शीर फुगायची आणि हातात काठी यायची. तिनं केलेला मुखरू खऱ्या मुखरूच्या अंगावर चढून बसला होता आणि उतरत नव्हता. पाचशे वर्षं लागली होती म्हणे त्या इंग्रजी शब्दाला. तिनं ते तीन महिन्यांत करून दाखवलं. हुशारच होती ती. सगळेच म्हणायचे.

घरी अंगणभर मोह वाळत घातला होता आणि आई, सत्यशीला, त्यातल्या काड्या निवडत होती. फुलांचा रंग उन्हानं मधासारखा झाला होता. बाबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. बाबा या वेळी घरी नसायचे. या वेळी ते घरोघर फिरून उद्या कोण कोण येणार, किती वाजता निघायचं, हे बजावत असायचे आणि प्रत्येक दारात चार शब्द ऐकून घ्यायचे. उर्वशीनं दप्तर खुंटीला लावलं. “नाई गेले का आज?” तिनं आईला हळूच विचारलं. आईनं मान हलवली आणि आवाज खाली न करता म्हणाली, “उद्यापासून जातच नाई म्हनते तुया बाप. सुगंधाबाई येऊन गेली आत्ता. त्यायचं ठरलं. पहाटीच निघतो म्हने आमी, हरनायच्या आंधी.”

“अन् तू?”

“मी का करू? आपलेच झाडं हायेत ना थे. मीबी जातो त्यायच्यासंगं.”

पहाटे म्हणजे अंधारात. अंधारात वाकलेल्या सात-आठ बायका, आणि मधोमध उभं कोणी नाही. उर्वशी मोहाच्या कडेलाच बसली. पायाखाली दोनचार फुलं चिरडली. आई ओरडली नाही. मग उर्वशी जे बोलली ते तिनं ठरवलं नव्हतं. “बाबा, थो शब्द मीनं काढला. मुखरवनं. शाळेत. मीनंच पह्यल्यांदा म्हनलं. तुमची नकल करतो मी. सगळे हासते. आज सरनं इचारलं कुठून आला, त मी म्हनलं मले माहीत नाई.” तिला वाटलं होतं आता काहीतरी कोसळेल. दोरीचा एक पीळ पडला, दुसरा पडला.

“माहीत हाय मले,” बाबा म्हणाले.

“काय?”

“संक्रांतीच्या टायमाले तू डबा इसरली होती. थो द्याले स्टँडवर आलो होतो मी. तुमी पोट्ट्या तिथी झाडाखाली. तू करून दाखवत होती.” त्यांनी दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं. “बरी करत होती. आवाज त आसा काढला तू का मलेच वाटलं, मी कवा गेलो तिकडं!” आणि खरंच, त्यांच्या मिशीखाली थोडंसं हसू हललं. ते हसू बघून उर्वशीला जे झालं त्याला नाव नव्हतं. मारलं असतं तर बरं झालं असतं एवढंच कळलं. “डबा त्या स्वातीच्या भावाजवळ देऊन वापस आलो. मधात कायले पडा लागते पोरीच्या?”

“मंग काऊन नाई जात तुमी? लोकं नावानं हासते म्हनूनच ना?”

“हासू दे ना बाप्पा. नावाले का जीव असते? हासता हासता कवाकवा मानबी वर करत होत्या बाया.” दोरी थांबली. ते शब्द शोधायला लागले. जुना अबोल माणूस पुन्हा त्यांच्यात येऊन बसला होता आणि त्याला बोलायची सवय नव्हती. “तसं नाई हाय, बाई. आता पाह्य. उद्या मी हाक मारली, वच्छला म्हनून. वच्छलानं ओ नाई देली. मंग मी का समजू? झाडामागं बसून हासून राह्यली, का…” ते थांबले. “आंधी कसं होतं, ओ नाई आली का धावाचं. एकच मतलब होता त्याचा. आता दोन झाले. काल मी धावलो अन् थ्या हासल्या. उद्या नाई धावलो अन् खरंच असलं त? मले नाई वळखता येनार गा. मी लय इचार केला काल रातभर. नाई वळखता येत. मंग हाक मारून मी त्यायले फसवूनच राह्यलो ना? मुखरू भाऊ हाय म्हनून थ्या खुशाल वाकतीन, अन् मुखरू भाऊले त काईच समजत नाई.”

आईचे हात मोहावर थांबले होते. उर्वशी काय देणार होती? माफी? कबुली देऊन झाली होती, आणि माफी तर बाबांना लागतच नव्हती. ती गावभर फिरून प्रत्येकीच्या दारात सांगू शकली असती, शब्द माझा आहे, माझं चुकलं. आणि सुगंधाबाई म्हणाली असती, बस पोरी, चहा पे. वच्छलाकाकूकडून शपथ घेता आली असती की यापुढे ओ देईन, आणि काकूनं ती घेतलीही असती, पण शपथेच्या ‘ओ’ला बाबा कान कसा लावणार? ते मोडलं होतं. काल दोन फुलं पडेपर्यंतच्या वेळात मोडलं होतं, आणि त्यातला सर्वांत शेवटचा, सर्वांत बारीक तुकडा तिनं मोडला होता. तिनं आत्ता ‘ओ’ म्हणावं असं तिच्या मनात आलं, इथं, अंगणात, एक दिवस उशिरा. ती म्हणाली नाही. बाबांनी हाक दिलीच नव्हती.

संध्याकाळ उतरली. बाया हापशीवरून जाता जाता कुंपणापाशी थांबल्या. “सत्यशीला, साडेचारले बरं का!” वच्छलाकाकूचा आवाज, मोकळा, आनंदी. रोजची कटकट संपल्याचा आनंद होता तो. “टार्च घेजो!” आई ‘हो’ म्हणाली. बाबांनी आईकडे पाहिलं आणि नको जाऊ असं म्हटलं नाही. म्हणायला जो आवाज लागतो तो त्यांनी ठेवून दिला होता. दोन वर्षं सगळ्या गावावर ओरडलेला माणूस स्वतःच्या बायकोला ‘जाऊ नको’ म्हणू शकत नव्हता. उर्वशीनं हे पाहिलं. चुलीत आई लाकूड सारत होती तेव्हा तिची पाठ उर्वशीकडे होती, वाकलेली, ब्लाउजच्या खाली मणक्यांची रांग. ती पाठ उर्वशी बघत राहिली. एवढी मोठी पाठ, उघडी. आईला ती स्वतःला दिसणार नाही कधी. हाक देणारा दहा पावलांवर असला तरी पाठ पाठच. मधली दहा पावलं रुखमाबाईलाही होतीच की. आणि हळूहळू, कसलाही उजेड न पडता, आनंद तर नाहीच नाही, तिला एक अगदी लहान गोष्ट दिसली. ती एकाच बाईपुरती होती. बाकीच्या सात जणींसाठी तिच्याकडे काही नव्हतं. बाबांसाठीही नव्हतं.

ताटं वाढली गेली. बाबांनी पहिला घास घेतला आणि उर्वशीनं स्वतःच्या ताटाला हात न लावता, नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही, पण दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, “उद्या मी शाळेत नाई जात. आईसंगं जातो.”

“गनिताची चाचनी हाय ना तुयी?” आई म्हणाली. “अन् दोघी वेचू त काई दुप्पट…”

“मी नाई वेचत. एकबी फूल नाई वेचत. तू वाकजो, मी तुया पाठीले पाठ लावून उभी राहीन, तोंड जंगलाकडं. तू सरकली का मी सरकीन. हाक नाई लागत, ओ नाई लागत. मी हाओ का नाई थे तुले पाठीलेच समजन. आर्धाच मोह येईन. हासतीन बाया, हासू दे. मोह सरेपरेंत रोज येईन. चाचनी बुडन, मले माहीत हाय. मी इचारून नाई राह्यली बाबा, सांगून राह्यली.”